वाऱ्याच्या गावाला, गर्दीच्या आधी

पत्र: बाबांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. तेव्हापासून आई घराबाहेर फारशी पडलेली नाही. परवा मात्र आपणहून म्हणाली, "मला समुद्रावर ने कुठेतरी, पण जिथे माणसं कमी असतील तिथे." मी किनाऱ्यावरचं एक लहानसं गाव शोधलंय. वसंतात, हंगाम सुरू व्हायच्या आधी, तिथे राहणं स्वस्त पडतं. पण ज्याला विचारावं तो एकच सांगतो, तिथे वारा फार. भाऊ म्हणतो, "सगळं बंद असेल, आई खोलीत कोंडून बसेल आणि पैसे पाण्यात जातील." आई ७२ वर्षांची आहे. गुडघे दुखतात, बाकी तब्येत ठणठणीत. आम्ही जावं की हंगामाची वाट बघावी? गेलो तर किती दिवस? आणि तिला करमेल का?

उत्तर:

जा. हंगामाची वाट बघू नका.

तुमच्या आईने एका वाक्यात दोन गोष्टी मागितल्यात: समुद्र, आणि आजूबाजूला कमी माणसं. हंगामात या दोन्ही एकत्र मिळत नाहीत. तेव्हा गेलात तर पाणी जरा कोमट असेल, दुकानं उघडी असतील, आणि ज्या गर्दीपासून तिला लांब जायचंय ती गर्दी आधीच तिथे येऊन बसलेली असेल. शिवाय वर्षभर गप्प असलेल्या माणसाने आपणहून काही मागितलं की ते पुढे ढकलू नये, असं मला फार मनापासून वाटतं. चार महिन्यांनी तिची ओढ एवढीच असेल, हे कोण सांगणार?

तरी तुमच्या भावाचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. त्याची भीती खरी आहे. मी स्वतः अशी एक सहल पहिल्याच दिवशी जवळजवळ घालवली होती. बरोबर मावशी होती, वय सत्तरीच्या पुढे, गुडघ्यांची रड तुमच्या आईसारखीच. आम्ही दुपारी पोहोचलो, सामान टाकलं, ऊन छान पडलं होतं म्हणून तीनच्या सुमारास थेट किनाऱ्यावर गेलो. मी चटई पसरली, चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवल्या. दहा मिनिटांत थर्मासच्या झाकणातल्या चहावर वाळूची साय आली. दाताखाली वाळू, कानात वाळू, डोळे उघडायची सोय नाही. मावशी तक्रार करणाऱ्यांतली नव्हे. तिने पदर तोंडावर ओढून थोडा वेळ काढला, मग माझ्या खांद्याचा आधार घेत उठली आणि म्हणाली, "चल, झाला बघून समुद्र."

ते वाक्य मला रात्रभर लागून राहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला झोप येईना म्हणून आम्ही सहा-साडेसहाला बाहेर पडलो. तोच किनारा, पण पानही हलत नव्हतं. पाणी किनाऱ्यालगत इतकं सपाट की लाट आली तरी हळूच आवाज करून मागे जायची. मावशी ओल्या वाळूच्या कडेने माझा हात न धरता चालली. थोड्या वेळाने वाकून म्हणाली, "हे बघ, सगळ्या शिंपल्यांना शेपट्या फुटल्यात." खरंच, वरच्या कोरड्या वाळूत प्रत्येक शिंपल्यामागे, प्रत्येक खड्यामागे वाळूची बोटभर निमुळती शेपटी होती, आणि सगळ्या शेपट्या एकाच दिशेला. आदल्या दुपारचा वारा तिथे जसाच्या तसा उमटला होता. शिंपल्याने अडवलेली वाळू त्याच्या आडोशाला साठत जाते आणि शेपटीचं टोक वारा जिकडे जातो तिकडे राहतं. "म्हणजे काल हा इकडून आला होता," मावशीने हाताने दाखवलं. पुढचे तीन दिवस आम्ही तिच्या त्या हातावर चाललो.

तर तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे मुख्य हेच आहे की वाऱ्याच्या गावात वाऱ्याच्या वेळा असतात. दिवस त्या वेळांनी आखा, घड्याळाच्या आणि 'बघण्यासारख्या ठिकाणां'च्या यादीने आखू नका.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले आठवतात? वसंतातल्या किनाऱ्यावर तो धडा डोळ्यांसमोर घडतो. समुद्र तापायला फार वेळ घेतो. थंडी सरली, जमिनीवर पालवी आली, तरी पाणी अजून हिवाळ्यातच असतं. समशीतोष्ण भागात समुद्र सगळ्यात थंड असतो तो हिवाळ्याच्या अखेरीस, म्हणजे उत्तर गोलार्धात फेब्रुवारी-मार्चच्या आसपास आणि दक्षिणेत ऑगस्ट-सप्टेंबरच्या. त्यानंतर तो सावकाश वर चढतो. जमीन मात्र चार तास ऊन पडलं की तापते. जमिनीवरची हवा तापून वर गेली की तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत घुसते. हाच खारा वारा. वसंतात पाणी आणि जमीन यांच्या तापमानातली तफावत मोठी असते, म्हणून स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपारचा वारा हटकून जोर धरतो. तो सकाळी दहा-अकराच्या पुढे उठतो, दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान भरात येतो आणि सूर्य कलला की उतरतो. रात्री उलटा, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा वाहतो, पण तो बराच मंद असतो. पहाटे आम्हाला पाणी सपाट दिसलं ते याचमुळे.

आम्ही तीन वाजता गेलो होतो, म्हणजे अगदी नेमक्या चुकीच्या वेळी. चांगलं ऊन बघून माणूस बाहेर पडतो आणि त्याच उन्हाने उठवलेल्या वाऱ्यात सापडतो.

पण सगळाच वारा असा नेमाने वागणारा नसतो. समुद्रावरून कमी दाबाचा पट्टा येत असेल तर रात्रंदिवस सारखाच वाहतो, ढग आणि पाऊस घेऊन येतो, एक-दोन दिवसांत पुढे सरकतो. काही किनाऱ्यांवर तर डोंगरातून समुद्राकडे उतरणारे वारे असतात. फ्रान्सच्या दक्षिणेचा मिस्त्राल हिवाळ्यात आणि वसंतातच जास्त वाहतो, आकाश निळंशार असताना सलग काही दिवस. इटलीतल्या त्रिएस्त शहरात बोरा नावाचा वारा असा येतो की तिथे पूर्वी रस्त्यांच्या कडेला लोकांना धरायला दोर बांधत. तुमच्या गावाचा वारा यातला कोणता, हे बुकिंग करण्याआधी शोधा. कोणी तिथे राहून आलं असेल तर 'वारा किती असतो' असं विचारू नका, 'सकाळी पडतो का' असं विचारा. उत्तर 'हो' आलं की निम्मं काम झालं.

निघायच्या दोन-तीन दिवस आधी हवामानाच्या अंदाजात दिवसाचा एकच आकडा बघून थांबू नका, तासागणिक वारा बघा. सकाळी खाली, दुपारी टेकडीसारखा वर आणि संध्याकाळी परत खाली अशी रेघ असेल तर तो खारा वारा. रेघ रात्रीही उंचच असेल आणि हवेचा दाब घसरत असेल तर तो कमी दाबाचा. त्या दिवशी बाहेरचे बेत आखूच नका. अंदाजात झोतांचा आकडा वेगळा दिलेला असतो, तोही बघा. सरासरी ३० असेल तर झोत दीडपट सहज जातो, आणि म्हाताऱ्या माणसाचा तोल सरासरीने जात नाही, झोताने जातो. आकडे कुठे नॉटमध्ये असतात, कुठे सेकंदाला मीटरमध्ये. एक नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर. सेकंदाला एक मीटर म्हणजे तासाला ३.६ किलोमीटर. १५ हा आकडा एका ठिकाणी २८ किलोमीटर होतो आणि दुसऱ्या ठिकाणी ५४, म्हणून एकक बघितल्याशिवाय निश्चिंत होऊ नका.

या आकड्यांना अर्थ द्यायचं काम फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदलातल्या अधिकाऱ्याने १८०५ च्या सुमारास केलं. वाऱ्याची शून्य ते बारा अशी श्रेणी त्याने जहाजांच्या शिडांवरून लावली. पुढे तिला जमिनीवरच्या खुणाही जोडल्या गेल्या आणि आपल्याला त्याच उपयोगी. तासाला २० ते २८ किलोमीटर, म्हणजे चौथी पायरी, तेव्हा धूळ आणि सुटे कागद उडतात. आईला हे चालेल, गार लागेल इतकंच. २९ ते ३८ ला पालवीची लहान झाडं डोलायला लागतात. इथे वाळूवर बसणं संपलं, पण आडोशाने फिरता येतं. ३९ ते ४९ ला छत्री धरणं कठीण होतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मी यात उघड्यावर नेणार नाही. वेग त्याच्याही वर गेला की चालणंच जड जातं. वाऱ्याचा धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो, हे लक्षात असू द्या. २० चा ४० झाला की धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. खोलीच्या खिडकीतून 'कालच्यापेक्षा थोडाच जास्त दिसतोय' म्हणून निघालात तर कोपऱ्यावर फसाल.

आता वाळूचं. उडणारी वाळू बहुतेक सगळी जमिनीलगत, गुडघ्याच्या खालून वाहते. दाणे उड्या मारत जातात. उभ्या माणसाच्या पोटऱ्यांना ती बोचते, पण जमिनीवर बसलेल्या माणसाच्या ती थेट तोंडावर येते. मी मावशीला चटईवर बसवलं, म्हणजे बरोबर त्या लोंढ्यात बसवलं. तुमच्या आईला गुडघ्यांमुळे खाली बसायचं नसेलच. बाक बघा, किंवा घडीची खुर्ची न्या. ओली वाळू उडत नाही, म्हणून चालायचं ते ओहोटीच्या वेळी पाण्यालगतच्या घट्ट पट्ट्यावर. पाय रुतत नाहीत, त्यामुळे गुडघ्यांनाही ते बरं. फक्त किनारा फार उतरता नसावा, नाहीतर एका पायावर भार येतो.

आणि चालायला निघताना वाऱ्याच्या तोंडावर निघा, परत येताना तो पाठीशी येऊ द्या. उलट केलंत तर जाताना मजेत लांब जाल आणि दमल्यावर वाऱ्याशी झगडत परत यावं लागेल.

आडोशाबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. उंच सपाट भिंतीमागे उभं राहिलं की वारा वरून उडी मारून मागे भोवऱ्यासारखा फिरतो आणि कधी कधी समोरच्यापेक्षा जास्त त्रास देतो. झुडपांची रांग, जाळीचं किंवा फटी असलेलं लाकडी कुंपण यांच्यातून थोडा वारा गाळून येतो, पण त्यांच्यामागे शांत पट्टा चांगला लांब मिळतो, कुंपणाच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत. किनाऱ्यावरची झाडं बघा. वाऱ्याच्या बाजूचे कोंब खाऱ्या वाऱ्याने जळतात, म्हणून झाडं एका अंगाला विंचरल्यासारखी वाढतात. ती ज्या बाजूला झुकलीत त्या बाजूचा टेकडीचा उतार, गावातल्या अरुंद वळणावळणाच्या गल्ल्या, बंदराच्या आतली बाजू, ही तुमची दुपारची जागा. पहिल्याच दिवशी आईला घेऊन असे दोन-तीन आडोसे हेरून ठेवा. हेरायला तिलाच सांगा. मावशीला या कामात माझ्यापेक्षा जास्त गोडी लागली होती.

कपड्यांत चूक होते ती जाडीची. लोकरीचं कितीही जाड घातलं तरी विणीतून वारा आरपार जातो. वर पातळ का असेना, पण वारा न शिरणारं जॅकेट हवं. आत लोकर, वर ते. १० अंश तापमानात तासाला ४० किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला ते ६ अंशांसारखं लागतं, आणि कपडे ओले असतील तर त्याहून वाईट. कान झाकणारी टोपी घ्या, हनुवटीखाली बांधता येणारी. वाऱ्याचा सततचा आवाज म्हाताऱ्या माणसाला थंडीपेक्षाही जास्त थकवतो, हे मी जवळून पाहिलंय. कान झाकले की मावशीची चिडचिड निम्म्याने कमी व्हायची. डोळ्यांना बाजूंनी झाकणारा चष्मा. ओढणी, पदर, शाल जे असेल ते खोचलेलं. छत्री घरीच ठेवा.

उन्हाचं मात्र विसरू नका, कारण वाऱ्यात ते लागत नाही. कातडी भाजणाऱ्या किरणांचा हवेच्या गारव्याशी संबंध नाही, सूर्याच्या उंचीशी आहे. उत्तर गोलार्धात २० एप्रिलचा दुपारचा सूर्य २२ ऑगस्टच्या सूर्याइतकाच उंच असतो. ऑगस्टमध्ये आपण टोपी शोधतो, एप्रिलमध्ये गार वारा लागतो म्हणून तोंड उन्हात धरून बसतो आणि रात्री नाक लाल होऊन जळजळतं.

पाण्याबद्दल मी कडक बोलणार आहे. पाय भिजवा, त्यापुढे जाऊ नका. तुम्हीसुद्धा. १५ अंशांखालच्या पाण्यात एकदम शिरलं की श्वास आपल्या ताब्यात राहत नाही, धाप लागून पाणी नाकातोंडात जातं. चांगल्या पोहणाऱ्यांनाही हे होतं. वसंतात बऱ्याच किनाऱ्यांवर पाणी याहून गार असतं आणि जीवरक्षक अजून कामावर आलेले नसतात. किनाऱ्याकडून समुद्राकडे जाणारा वारा असेल त्या दिवशी पाणी काठाला फार शांत दिसतं. तो देखावा फसवा आहे, हवेने फुगवलेली तराफ्यासारखी कुठलीही वस्तू तो क्षणात आत ओढून नेतो.

भरतीचं वेळापत्रक आधी बघून ठेवा. दोन भरत्यांमध्ये साधारण सव्वाबारा-साडेबारा तास जातात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं हे आपल्याला ठाऊक असतं, पण दिवस-रात्र समान होतात त्या दिवसांच्या, म्हणजे २० मार्च आणि २२ सप्टेंबरच्या आगेमागची उधाणं वर्षातली मोठी असतात. तुमची तारीख त्यात येत असेल आणि त्यात वारा किनाऱ्याकडे वाहत असेल तर पाणी नेहमीच्या खुणेच्या वर चढतं. अशा दिवशी धक्क्याच्या टोकाला आणि लाटा फुटणाऱ्या खडकांवर आईला नेऊ नका. लांबून, उंचावरून बघा. उधाणाचा समुद्र लांबूनच जास्त चांगला दिसतो. कड्यावर गेलात तर कडेपासून चांगलं दूर राहा, कारण कड्याच्या माथ्यावर वारा आणखी वेग घेतो. उधाणाच्या दिवसांची दुसरी बाजूही आहे, ओहोटीला पाणी तितकंच लांब जातं आणि एरवी न दिसणारी वाळू उघडी पडते. ती चालायला फार सुरेख असते. फक्त परतीची वेळ घड्याळात लावून ठेवा.

'सगळं बंद असेल' याला उत्तर फोनच आहे. संकेतस्थळावर वर्षभराच्या वेळा लिहिलेल्या असतात आणि दारावर कुलूप असतं. एकदा मला फोनवर "स्वयंपाकघर चालू आहे" असं सांगितलं होतं, ते फक्त शनिवार-रविवारी चालू होतं हे आम्हाला सोमवारी रात्री पोहोचल्यावर कळलं. त्या रात्री आम्ही बिस्किटांवर झोपलो. म्हणून प्रश्न असे विचारा की 'हो-नाही'वर सुटका होऊ नये: आम्ही अमुक वारी रात्री येतोय, त्या रात्री जेवण कुठे मिळेल? खोली गरम करायची काय सोय आहे आणि ती आमच्या हातात आहे का? खिडकी कुठल्या दिशेला आहे, ती नीट बंद होते का, वाऱ्याने खडखडते का? जिने किती आहेत? होडीने पलीकडे जायचा बेत असेल तर वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली की पैसे परत मिळतात का? या दिवसांत त्या लोकांना वेळ असतो. फोनवर नीट बोलतात, आणि तुम्ही कोणाला घेऊन येताय हे सांगितलंत तर बहुतेक जण मनापासून चांगली खोली काढून देतात.

खोलीवर पैसे वाचवू नका, एवढा माझा आग्रह आहे. हंगामाबाहेर समोर समुद्र दिसणारी खोली हंगामातल्या मागच्या खोलीच्या भावात मिळू शकते. ती घ्या. वारा सुटलेली दुपार त्या खिडकीतच जाणार आहे. भाऊ ज्याला 'कोंडून बसणं' म्हणतो ते भिंतीकडे तोंड करून बसणं असतं. समोर पांढऱ्या लाटा धावत असतील, पक्षी वाऱ्यात एका जागी तरंगत असतील आणि हातात गरम पेला असेल तर ती दुपार वाया गेली असं कोणी म्हणणार नाही.

किती दिवस, तर चार रात्री. दोन रात्रींत एकच पूर्ण दिवस मिळतो आणि तो नेमका वादळी निघाला तर भाऊ खरा ठरतो. वाईट हवा सहसा एक-दोन दिवसांत पुढे जाते, चार रात्रींत एक-दोन तरी शांत सकाळी हाती लागतात. कधी धुकं मिळेल. वसंतात उबदार दमट हवा गार पाण्यावर आली की समुद्रावरून धुकं चढतं आणि सगळं मऊ, आवाजहीन होऊन जातं. त्यालाही एक सकाळ द्यायला हरकत नाही. गाडी नेत असाल तर ती तोंड वाऱ्याकडे करून लावा. पाठमोरी लावलीत तर दार उघडताक्षणी वारा ते हातातून हिसकावतो, आणि बाजूला आई उतरत असते.

राहिला शेवटचा प्रश्न, तिला करमेल का. माझ्या मते करमेल, पण तुम्ही तिला करमवायच्या मागे लागला नाहीत तर. सकाळी साडेसहा ते दहा समुद्र, मग न्याहारी, दुपारी आडोसा किंवा खिडकी, वारा पडल्यावर संध्याकाळी पुन्हा थोडं बाहेर. एवढ्यावर दिवस भरतो. मध्ये तासभर तिला एकटीला बसू द्या. तिला जे आठवायचंय ते आठवायला घरात जागा मिळाली नसेल. फोन, येणारी-जाणारी माणसं, 'आई, ठीक आहेस ना' हे सगळं तिथे असतं. बाबांचा विषय तुम्ही काढू नका, पण तिने काढला तर बदलूही नका. उघड्या किनाऱ्यावर वाऱ्यात फारसं बोलता येत नाही आणि सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी येतं. कोणी काही विचारत नाही. मला वाटतं, तुमच्या आईला हेच हवं असेल. तारीख वर्ष पुरं व्हायच्या आधीची घ्यायची की नंतरची, हे मात्र तिलाच विचारा, आपल्या मनाने ठरवू नका.

वसंतात किनाऱ्यावर कुठे कुठे दोरी बांधून थोडी वाळू वेगळी ठेवलेली दिसते. सुरय आणि चिखल्या यांसारखे पक्षी याच दिवसांत उघड्या वाळूवर, घरटं म्हणावं असं काही न करता अंडी घालतात. वाळूच्याच रंगाची ती अंडी पायाखाली आली तरी कळत नाहीत. दोरीच्या बाहेरून चाला. आईला दुर्बीण न्या, लहानशी चालेल. दोरीच्या आत एक पक्षी स्थिर बसलाय आणि दुसरा त्याच्यासाठी चोचीत मासा घेऊन येतोय, हे बघण्यात एक अख्खी सकाळ जाते.

भावालाही बोलावून बघा. त्याला फक्त यायच्या वेळेचं सांगा, पहिल्यांदा समुद्रावर जायचं ते दुपारी तीनला नको. रात्री पोहोचा, झोपा, पहाटे आईच्या आधी उठून खिडकी उघडा. आवाज नसेल तर तिला हाक मारा. कोरड्या वाळूवरून जाताना खाली बघत चला, शिंपल्यांच्या शेपट्या दिसतील. तुम्ही दाखवू नका, तिला सापडू द्या.